जुन्या मोटारीचे दुसरे इंजिन

मोटारीची काया आणि तिचे इंजिन यांचे आयुष्य सारखे नसते. पत्रा जाड असला, गाडी सावलीत उभी राहिली आणि मालक हौशी असला, तर काया पन्नास वर्षे सहज टिकते. इंजिन मात्र प्रत्येक फेरीबरोबर झिजत असते. सिलिंडर दोनतीनदा बोअर करून झाले, लायनर घालूनही भागेनासे झाले, की मालकापुढे दोनच वाटा उरतात: गाडी मोडीत काढणे, किंवा दुसऱ्या गाडीतून उतरवलेले इंजिन तिच्यात बसवणे. दुसरी वाट स्वस्त खरी. पण इंजिन ओळखता आले नाही, तर तीच अधिक महाग पडते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे अँबेसेडर. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवर बेतलेली ही मोटार कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा येथे १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४पर्यंत तयार होत होती. एवढ्या काळात तिचे बाह्यरूप फारसे पालटले नाही, म्हणून सर्व अँबेसेडरांचे इंजिनही एकच, असा समज रूढ आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. आरंभीच्या गाड्यांत बाजूला व्हॉल्व्ह असलेले इंजिन होते. पुढे १४८९ सीसीचे, व्हॉल्व्ह डोक्यावर असलेले इंजिन आले आणि त्याने अनेक दशके सेवा केली. त्याच आकाराचे डिझेल इंजिनही निघाले आणि १९९०च्या दशकात जपानी इसुझू घराण्याचे १८१७ सीसीचे पेट्रोल इंजिन या गाडीत आले.

बॉनेट उघडताच यांतील भेद दिसू लागतो. पहिल्या प्रकारात हेड सपाट असून त्यावर व्हॉल्व्हचे झाकण नसते. १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनात कार्बुरेटर आणि धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड एकाच अंगाला, तर डिस्ट्रिब्युटर दुसऱ्या अंगाला असतो. इसुझूत कॅमशाफ्ट हेडमध्येच असून साखळीने फिरतो. डिझेलला स्पार्क प्लग नसतो; त्या जागी इंजेक्टर आणि इंधनाचा दाब देणारा पंप दिसतो.

तरीही शंका राहिली, तर मोजमाप करावे. हेड उतरवून सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल मोजली, की हिशेब सोपा आहे. व्यास सुमारे ७३ मिलिमीटर व चाल ८८.९ मिलिमीटर असेल, तर चार सिलिंडरांचे आकारमान १४८९ घनसेंटिमीटर भरते. व्यास ८४ आणि चाल ८२ असेल, तर ते १८१७च्या आसपास जाते. व्यास किंचित जास्त आढळला, तर इंजिन पूर्वी बोअर झालेले आहे. किती झाले, याचा आकडा बहुधा पिस्टनच्या माथ्यावर कोरलेला सापडतो.

मुंबईचे कुर्ला, कोलकात्याचा मल्लिक बझार, दिल्लीची मायापुरी किंवा चेन्नईचे पुदुपेट येथे असे इंजिन मिळू शकते. तेथे रंगाला भुलू नये. क्रँक हाताने फिरवून पाहावा. तो अडखळता कामा नये. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. चारही सिलिंडरांचा कॉम्प्रेशनचा दाब जवळजवळ सारखा हवा. एकाचा दाब बराच कमी आला, तर दोष व्हॉल्व्हचा, रिंगांचा किंवा गॅस्केटचा असतो. चालू इंजिनाचा निळसर धूर तेल जळत असल्याची खूण होय.

सर्वांत महत्त्वाची तपासणी इंजिन क्रमांकाची. क्रमांक कानशीने घासलेला अथवा पुन्हा ठोकलेला दिसला, तर किंमत कितीही कमी असो, ते इंजिन तेथेच सोडावे. चोरीच्या गाडीचे इंजिन घेणारा मनुष्य निष्पाप असला, तरी पोलिसांच्या प्रश्नांतून त्याची सुटका सहज होत नाही. म्हणून विक्रीची पावती आणि मूळ गाडीच्या नोंदणीची प्रत मागून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीतील असा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या दप्तरी जाणे आवश्यक आहे. इंजिन बसवण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे चौकशी करावी, हे शहाणपणाचे.

बसवणीत सुलभ मार्ग म्हणजे त्याच जातीचे इंजिन घेणे. तरीही जुन्या इंजिनाची माउंटिंगची पट्टी, फ्लायव्हील आणि क्लच लगेच भंगारात देऊ नये. गिअरबॉक्सशी जुळणारे भाग कदाचित तेच असतात. क्रँकच्या मागच्या टोकातील बुशात गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक नेमके बसते की नाही, हे इंजिन गाडीत उतरवण्याआधीच पाहावे. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असते. नवा आल्टरनेटर लावताना हे ध्यानी न घेतल्यास तो क्षणात जळतो.

जुन्या गाडीत इसुझू घालायचे, तर काम वाढते. स्टिअरिंगजवळचा गिअर दांडा जाऊन जमिनीवरचा येतो, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलावी लागते, रेडिएटरच्या नळ्या नव्या लागतात. शक्ती वाढली, की जुन्या ड्रम ब्रेकांवरचा भारही वाढतो. वेग देणाऱ्या यंत्राआधी वेग आवरणारे यंत्र सुधारावे, हा क्रम चुकवू नये.

अखेर इंधनाचा विचार. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. त्याआधीच्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठका त्या शिशाच्या आधाराने टिकत. म्हणून हेड उघडलेच आहे, तर कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. २०२३पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले. जुन्या जातीचे रबर त्यात लवकर फुगते व ठिसूळ होते. इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या प्रतीचा घेतला, तर गळती आणि आग या दोहोंचा धोका टळतो.

अशा रीतीने पारखून, मोजून आणि नोंदवून बसवलेले इंजिन जुन्या मोटारीला पुन्हा रस्त्यावर आणते. हा खर्च केवळ ममतेपोटी केलेला ठरत नाही. चालण्याजोगी वस्तू मोडीत जाऊ न देण्याची काटकसर त्यात आहे. मात्र ती काटकसर पाने, मोजपट्टी आणि कागदपत्रे या तिघांच्या साक्षीनेच व्हावी.