आत येऊ नका, प्लीज!

नकाशावर चक्क ‘फॉरेस्ट ऑफ डार्टमूर’ असं छापलेलं होतं. मी गाडीच्या काचेला नाक लावून बसले होते आणि बाहेर नजर पोचेल तिथपर्यंत एक झाड नव्हतं. पिवळट गवत, गंजाच्या रंगाचे वाळके नेचे, मेंढ्या, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून ‘तुम्ही कोण?’ अशा नजरेनं आमच्याकडे बघणारी दोन केसाळ तट्टं.

“फॉरेस्ट कुठाय गं?”

“हेच,” मैत्रीण म्हणाली आणि तट्टांना हॉर्न न देता शांतपणे गाडी बंद करून बसली. मुंबईत असताना हीच बाई सिग्नल हिरवा व्हायच्या आधी हॉर्न वाजवायची!

ही माझी कॉलेजातली रूममेट. लग्न करून इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, एक्सेटर शहरात नोकरीला आहे. मागच्या ऑक्टोबरमध्ये तिच्याकडे दहा दिवस होते. बॅगेत दिवाळीआधीची चकलीची भाजणी आणि आईच्या हातचा गोडा मसाला. या मसाल्याचं काम पुढे आहे, लक्षात ठेवा.

तर फॉरेस्टची भानगड अशी. इंग्लंडमध्ये जुन्या काळी फॉरेस्ट म्हणजे झाडी नव्हे, तर राजाच्या शिकारीसाठी राखीव ठेवलेला आणि वेगळे कायदे लावलेला मुलूख. तिथे झाडं असली काय, नसली काय. १२०४ मध्ये किंग जॉननं डेव्हन परगण्यातली बाकीची जमीन या कायद्यातून मोकळी केली, डार्टमूर आणि एक्समूर तेवढे मागे ठेवले. १३३७ पासून डार्टमूरचा हा मधला भाग डची ऑफ कॉर्नवॉलकडे, म्हणजे युवराजांच्या इस्टेटीकडे आहे. आणि मूर म्हणजे उंचावरचा उघडा, ओला माळ. तोही मुळात उघडा नव्हता. हजारो वर्षांपूर्वी इथे जंगल होतं. माणसानं ते जाळलं, तोडलं, मग गुरं-मेंढ्या सोडल्या आणि रोप वर यायचं थांबलं. पोस्टकार्डावर दिसतो तो ‘अस्सल निसर्ग’ बराचसा आपल्यासारख्यांनीच केलेला आहे. वाचून मला जरा फसवल्यासारखं वाटलं.

पण एक तुकडा वाचला. विस्टमन्स वुड. त्यासाठीच आम्ही निघालो होतो.

टू ब्रिजेस नावाच्या जागी एक जुनं हॉटेल आहे आणि समोर, जुन्या खाणीच्या खळग्यात, छोटं पार्किंग. तिथून उत्तरेकडे साधारण दोन किलोमीटर चालायचं. आधी बऱ्यापैकी गाडीवाट, एक एकटं घर, मग दगड आणि चिखल. डावीकडे खाली वेस्ट डार्ट नदी. नदी म्हणायची, पण रुंदी आपल्याकडच्या ओढ्याएवढी. पाऊस नव्हता; हवेत नुसतं पाणी लटकत होतं. शेजारच्या प्रिन्सटाऊनला वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीवाल्यांना हा आकडा ऐकून हसू येईल. पण आपला पाऊस चार महिन्यांत बदाबदा कोसळून मोकळा होतो, यांचा बारा महिने हप्त्याहप्त्यानं. एखाद्या शेवाळाला विचारलंत, तर ते दुसरी स्कीम घेईल.

प्रिन्सटाऊन म्हटल्यावर शेरलॉक होम्सवाल्यांचे कान टवकारले असतील. होय, तेच तुरुंगाचं गाव. नेपोलियनच्या युद्धातल्या कैद्यांसाठी १८०९ मध्ये सुरू झालेला इथला तुरुंग २०२४ मध्ये, रेडॉन वायूचं प्रमाण जास्त निघालं म्हणून, रिकामा करावा लागला. कॉनन डॉयलनं बास्करव्हिलचा तो भयंकर कुत्रा याच माळावर सोडला. त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या लोककथांत सैतानाचे शिकारी कुत्रे होतेच, आणि त्यांचं बिऱ्हाड म्हणे याच विस्टमन्स वुडमध्ये. ‘विश्ट’ म्हणजे इथल्या बोलीत भुताटकीचं, अंगावर काटा आणणारं. जंगलाच्या जवळून एक जुनी वाटही जाते, लिच वे, म्हणजे प्रेतांची वाट. माळावर कुणी गेलं की गावकऱ्यांनी प्रेत खांद्यावरून मैलोन्‌मैल लिडफर्डच्या चर्चपर्यंत न्यायचं. १२६० मध्ये बिशपनं लांबच्या लोकांना जवळच्या चर्चची परवानगी दिली. तोवर हिवाळ्यातसुद्धा हीच पायपीट.

हे सगळं मैत्रीण मला चालताचालता सांगत होती आणि मी “हो का, हो का” म्हणत पुढचा दगड शोधत होते. मग एकदम ती थांबली.

उतारावर दगडांचा खच पडला होता. फ्रीजएवढे, रिक्षाएवढे ग्रॅनाइटचे धोंडे. त्या धोंड्यांच्या फटींतून ओकची झाडं वर आलेली. वर आलेली म्हणणंही धाडसाचं. वाकडी, पिळवटलेली, कोपरं मोडल्यासारखी, काही तर दगडावर आडवी टेकलेली. आणि सगळ्यावर शेवाळ. दगडावर, बुंध्यावर, फांदीच्या टोकापर्यंत. शेवाळातून फांदीवरच उगवलेले नेचे. पानं पिवळी पडायला लागली होती, त्यामुळे आतला उजेड हिरवा-पिवळा, जुन्या काचेच्या बाटलीतून बघावं तसा.

झाडं बुटकी, म्हणून कोवळी समजू नका. १८६६ च्या सप्टेंबरमध्ये वेंटवर्थ बुलर नावाच्या गृहस्थांनी युवराजांची रीतसर परवानगी घेऊन इथलं एक झाड वय मोजण्यासाठी तोडलं. बुंधा फक्त ९ इंच, वय सुमारे १६३ वर्षं! आणि मग हा पराक्रम जंगलालगतच्या एका दगडावर कोरूनही ठेवला. आपल्याकडे किल्ल्यावर बदाम काढून नावं कोरणाऱ्या मंडळींनी निदान परवानगी घेतलेली नसते, एवढाच फरक.

झाडं वाचली ती या धोंड्यांमुळेच. खाचेत पडलेल्या बीपर्यंत मेंढीचं तोंड पोचत नाही. एवढं साधं कारण. त्यामुळे डार्टमूरच्या उंच माळावर असे जुने ओकचे तीनच तुकडे उरलेत. त्यातला हा जेमतेम साडेतीन हेक्टरचा. आपल्याकडच्या एखाद्या टाऊनशिपचा क्लब हाऊससकटचा लँडस्केप एरिया याहून मोठा असेल.

मी एका फांदीवरच्या करड्या, झालरीसारख्या पापुद्र्याकडे बोट दाखवून म्हटलं, “हे मी कुठेतरी बघितलंय.”

“मसाल्याच्या डब्यात,” मैत्रीण म्हणाली.

अगदी! दगडफूल. आईच्या गोड्या मसाल्यातलं. जात वेगळी, पण गोत्र एकच, लायकेन. इथे त्याचे कितीतरी प्रकार आहेत, त्यातला ब्रायोरिया स्मिथी हा घोड्याच्या केसांसारखा प्रकार तर अख्ख्या ब्रिटनमध्ये दोनच ठिकाणी सापडतो, त्यातलं एक हे. हजारो किलोमीटरवरून जे मी पुडीत बांधून आणलं होतं, त्याचे चुलत भाऊ इथे फांद्यांना लोंबत होते.

आणि तिथेच तो छोटा फलक. जंगल नाजूक आहे, कृपया आत जाऊ नका, बाहेरून पाहा.

कुंपण नाही, गार्ड नाही, दंड नाही. नुसती विनंती. गेल्या काही वर्षांत फोटोंमधून हे जंगल इतकं गाजलं, की लोकांच्या पायांखाली दगडांवरचं शेवाळ निघायला लागलं, म्हणून ही विनंती. आत एक जोडपं होतं. तिचा लाल कोट, त्याचा ट्रायपॉड. फोटो सुंदर येत असणार, खोटं कशाला बोलू.

“अगं, जा दोन मिनिटं,” मैत्रीण म्हणाली. “एवढ्या लांबून आलीयेस. ते गेलेत की.”

आता माझी बाजू ऐका. मला आर्टिकल लिहायचं होतं. आतले फोटो हवे होते. शिवाय परत कधी येणार? तिकिटाचे पैसे अजून क्रेडिट कार्डावर होते. मी पहिल्या धोंड्यावर पाय ठेवला. दुसऱ्यावर ठेवला. तिसऱ्यावर बूट सरकला आणि तळहाताएवढा शेवाळाचा गालिचा सुटून खाली आला. खाली उघडा दगड, करडा, ओला, एखादं खरचटलेलं ढोपर असतं तसा.

मी काय केलं असेल? तो तुकडा उचलून परत चिकटवायचा प्रयत्न केला. भिंतीवरचं निघालेलं पोस्टर दाबून बसवतात तसा. तो बसला नाही.

मी मागे फिरले. मैत्रीण काही बोलली नाही. मी मात्र बोलत सुटले, कारण मला एक जुनी गोष्ट आठवत होती. चार वर्षांपूर्वी एका पुरवणीत मी मुळशीच्या पलीकडच्या एका धबधब्यावर लेख लिहिला होता. ‘कुणालाच माहीत नसलेला’ वगैरे. लेख गाजला. पुढच्या पावसाळ्यात मी स्वतः गेले तर पार्किंगसाठी भात खाचराचा बांध फोडलेला, भुट्टेवाल्यांची रांग, पाण्यात चिप्सची पाकिटं. जिच्या घरी आधीच्या वर्षी पिठलं-भाकरी खाल्ली होती, त्या मावशींनी मला ओळखलं. रागावल्या नाहीत. “तुमचा पेपर वाचून लई लोकं आली बघा,” एवढंच म्हणाल्या. ते वाक्य मला अजून नीट पचलेलं नाही. त्या धबधब्याचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाहीये.

आणि दुसरी आठवण आजोळची. रत्नागिरीकडे आमच्या गावात एक राई आहे, देवाची. लहानपणी आजी तिथे चपला काढायला लावायची. राईतली काटकी घरी आणायची नाही, वाळकी असली तरी नाही, चुलीत तर नाहीच. का, तर राखणदार बघतो. शहरात वाढलेल्या मला ते तेव्हा फार विनोदी वाटायचं. इथे राखणदार म्हणून एक लाकडी पाटी होती आणि ती माझ्याच्यानं दोन मिनिटं पाळवली गेली नाही.

मग आम्ही वर चढलो. हा भाग मला कुणी आधी सांगितलाच नव्हता. जंगलाच्या वर, पूर्वेला, डोंगराच्या धारेवर ओळीनं टॉर आहेत. टॉर म्हणजे माथ्यावर उघडे पडलेले ग्रॅनाइटचे ढीग; कुणीतरी घाईत थप्पी लावून ठेवल्यासारखे. लाँगफर्ड टॉर ५०७ मीटर. सिंहगडवाल्यांनी हसू नये, वर वारा असा असतो की सरळ उभं राहणं हाच ट्रेक. पण तिथून खाली बघितलं आणि मी गप्प झाले. चारी बाजूंना तपकिरी, मोकळा, लाटांसारखा माळ आणि त्यात नदीकाठी एक हिरवा-पिवळा ओरखडा. बास, एवढंच ते जंगल. आत असताना ते संपतच नाही असं वाटतं. वरून बघितलं की तळहातानं झाकता येतं. लाल कोट एखाद्या टाचणीच्या टोकाएवढा दिसत होता.

धारेवरून दक्षिणेकडे लिटफर्ड टॉर आणि शेवटी क्रॉकर्न टॉर लागतो. तिथे कथील खोदणाऱ्या खाणवाल्यांची सभा भरायची, पहिली नोंद १४९४ ची. पाऊस, वारा, वरून उघडं. आपल्या एसी कॉन्फरन्स रूममधल्या मीटिंगा तिथे ठेवल्या तर दहा मिनिटांत संपतील. मैत्रिणीनं तिथे डब्यातून मेथीचे पराठे काढले. थंड, पण काय लागले म्हणून सांगू.

डची ऑफ कॉर्नवॉलनं २०२३ मध्ये जाहीर केलंय की २०४० पर्यंत हे जंगल दुप्पट करायचं. मेंढ्या-गुरांना आवर घालायचा, आजूबाजूला झाडं वाढू द्यायची. दुप्पट म्हणजे सात हेक्टर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण नऊ इंचांना १६३ वर्षं लागतात, हे लक्षात घ्या.

संपादकांचा मेल आला होता, ‘आतले फोटो मस्ट’. माझ्याकडे आतला फोटो एकच आहे, उघड्या दगडाचा. सोबत छापलेत ते सगळे कडेवरून आणि वरून काढलेले.

जायचंच असेल तर लंडनहून एक्सेटरला ट्रेननं दोन-सव्वादोन तास, पुढे गाडी. वाटेत पोस्टब्रिजचा मध्ययुगीन दगडी पूल बघून घ्या, अख्ख्या शिळा आडव्या टाकलेला. वॉरन हाऊस इनमध्ये शेकोटीशेजारी बसा. ती १८४५ पासून विझलेली नाही असं सांगतात. वॉटरप्रूफ बूट, कागदी नकाशा, कंपास. मोबाईलच्या रेंजवर विसंबू नका. डार्टमूरच्या उत्तर भागात लष्कराचा सराव चालतो, लाल झेंडा दिसला की मागे फिरा. ठरावीक भागांत पाठीवरचा तंबू ठोकून रात्र काढता येते, हा हक्क २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत लढवून लोकांनी टिकवलाय. जंगलाच्या कडेनं जा, मग चढून लाँगफर्ड टॉरवर या, आणि धारेनं क्रॉकर्नवरून खाली उतरा. निवांत चार तास धरा. बसायला लिटफर्डच्या आडोशाची जागा चांगली आहे, वारा लागत नाही.