माल्टचा उतारा कुठे अडतो?

ऑकलंड असो की ऑस्टिन, घरी बिअर बनवणाऱ्याचा शनिवार बहुधा एकाच ठिकाणी अडतो. पाच किलो माल्ट घातलेलं असतं, भांड्यात 28 लिटर गोड द्रव जमलेला असतो, हायड्रोमीटरवर 1.040 दिसायला हवं आणि दिसतं 1.033. साखर कुठेतरी राहून गेलेली असते.

बार्लीला मोड आणून ती भट्टीत वाळवली की माल्ट तयार होतं. ते भरडून 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं की दाण्यातलीच विकरं स्टार्चची साखर करतात. हा टप्पा म्हणजे मॅश. त्याचा हिशेब उसाच्या साखर उताऱ्यासारखाच असतो. घनतेतले दशांशचिन्हापुढचे आकडे (1.040 चे 40) गुणिले लिटर म्हणजे गुण. एका किलो फिक्या माल्टमधून जास्तीत जास्त सुमारे 300 गुण निघतात, म्हणजे पाच किलोंतून 1500. घनता 1.040 भरली तर 40 गुणिले 28 म्हणजे 1120 गुण, उतारा 75 टक्के. 1.033 भरली तर जेमतेम 62 टक्के. साडेचार टक्के अल्कोहोलची ठरलेली बिअर मग पावणेचारच्या आसपास अडकते.

पूर्वी यासाठी तीन भांडी लागत. आता न्यूझीलंडची ग्रेनफादर, जर्मनीच्या श्पायडेल कंपनीची ब्राउमायस्टर किंवा ऑस्ट्रेलियाची ब्रूझिला यांसारख्या यंत्रांत सगळं एकाच विजेच्या भांड्यात होतं. आत जाळीची बादली, तळाशी हीटर आणि द्रव फिरवणारा पंप. अमेरिकेत 1978 साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने या छंदाला वाट मोकळी करून दिली. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. हौस असलेले मराठी लोक ती भागवतात, ते जिथे कायद्याची आडकाठी नाही अशा देशांत.

उतारा घटला की पहिला संशय भरडण्यावर घ्यावा. दुकानातून भरडून आणलेलं माल्ट मूठभर घेऊन ताटात पसरलं की कळतं: काही दाणे अख्खेच राहिलेले असतात. अख्ख्या दाण्यात पाणी शिरत नाही, मग साखर कुठून येणार? घरच्या मिलचे रूळ साधारण एक मिलिमीटरच्या फटीवर लावले की बराच फरक पडतो. पण फार बारीक केलं तर पिठाचा चिखल होतो, पंप द्रव ओततच राहतो आणि तो खाली झिरपत नाही. यावर एक जुनी युक्ती आहे. भरडण्याआधी पाच किलो माल्टवर शंभर मिलिलिटर पाणी शिंपडायचं, हाताने कालवायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. टरफल लवचीक होतं, फुटत नाही, आतला गर तेवढा चुरा होतो. शाबूत टरफलांमधूनच तर द्रवाला वाट मिळते. गहू जास्त असेल तर मूठ-दोन मूठ भाताचं तूसही घालतात.

दुसरा दोष पंपाच्या भरवशाचा. पंप पूर्ण उघडला की द्रव दाण्यांतून झिरपण्याऐवजी जास्तीचा द्रव खाली नेणाऱ्या मधल्या नळीतून किंवा बादलीच्या कडेने सरळ तळाला जातो. वरून सगळं खळाळत असतं आणि मधला भाग कोरडा गठ्ठा होऊन बसलेला असतो. प्रवाह मंद ठेवणं आणि दर वीस मिनिटांनी पंप थांबवून पळीने तळापर्यंत ढवळणं, हे यंत्राला जमत नाही. ते माणसानेच करायचं. तापमापकही बहुधा तळाशी, हीटरजवळ असतो. पडद्यावर 67 दिसत असताना बादलीच्या मध्यभागी काही अंश कमीच असतात, म्हणून वेगळा तापमापक खुपसून बघितलेलं बरं.

पाण्याची वाटणी हा तिसरा मुद्दा. ग्रेनफादरचं सूत्र असं: माल्टचे किलो गुणिले 2.7, अधिक बादलीखालच्या जागेसाठी साडेतीन लिटर. पाच किलोंना 17 लिटर झाले. मॅश झाल्यावर बादली वर उचलायची आणि 75 अंशांचं सुमारे 15 लिटर पाणी तिच्यावरून सावकाश सोडायचं, म्हणजे दाण्यांना चिकटलेली साखर धुऊन येते. घाईने ओतलं तर पाणी एकाच वाटेने निसटतं. मॅशचा सामू 5.2 ते 5.6 असावा, नळाचं पाणी क्षारयुक्त असेल तर थोडं लॅक्टिक आम्ल लागतं.

यातलं काही करण्याआधी मोजमाप तपासलेलं उत्तम. हायड्रोमीटर बहुधा 20 अंशांसाठी आखलेला असतो. वाफाळत्या द्रवात बुडवला तर घनता खरीपेक्षा बरीच कमी दाखवतो, आणि नसलेला दोष शोधण्यात संध्याकाळ जाते.

नव्वद टक्क्यांचा हट्ट मात्र महागात पडतो. धुऊन येणाऱ्या द्रवाची घनता 1.010 च्या खाली गेली की सामू चढू लागतो, टरफलांतला तुरटपणा उतरतो आणि तो बिअरमध्ये शेवटच्या घोटापर्यंत राहतो. त्यामुळे अनुभवी मंडळी 70 ते 75 टक्क्यांवर थांबतात आणि कमी पडलंच तर पुढच्या खेपेला अर्धा किलो माल्ट जास्त घालतात.