फोटोत ‘ऐसपैस’ बसणं तृतीयपंथीयांसाठी का महत्त्वाचं?

ग्रुप फोटोत कोणी कडेला सरकतं, अंग चोरतं. आपण म्हणतो, लाजाळू आहे. पण रस्त्यात लोक टक लावून बघत असतील, न विचारता मोबाइल रोखत असतील, तर कॅमेऱ्याची भीती बसणारच. मग ते कर्जत तालुक्यातलं कशेळे असो की मुंबई.

याला इतिहासही आहे. १८७१ च्या ब्रिटिश कायद्यात हिजड्यांची सरकारी नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. नोंद झालेल्या व्यक्तीने बायकी पोशाखात रस्त्यावर दिसणं हाच गुन्हा होता. म्हणजे नुसतं दिसण्यालाच शिक्षा! १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाने ‘नालसा’ निकालात उलट सांगितलं: आपल्या लिंगओळखीनुसार पोशाख करणं, वावरणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे.

कॅमेरा कोणाच्या हातात आहे, यानेही फरक पडतो. मुंबईच्या झोया थॉमस लोबो आधी लोकल ट्रेनमध्ये पैसे मागायच्या. त्याच बचतीतून त्यांनी कॅमेरा घेतला. एप्रिल २०२० मध्ये वांद्रे स्टेशनबाहेर जमलेल्या स्थलांतरित मजुरांचे फोटो त्यांनी टिपले. आज त्या देशातल्या पहिल्या ट्रान्सजेंडर फोटोजर्नलिस्ट म्हणून ओळखल्या जातात.

तुम्ही फोटो काढणार असाल तर?

- आधी नाव आणि परवानगी विचारा.
- जागा, कपडे, बसायची पद्धत त्यांना ठरवू द्या.
- घाई करू नका. खांदे सैल व्हायला वेळ लागतो.
- फोटो दाखवा. नको म्हटलं तर डिलीट करा.
- पोस्ट करण्यासाठी वेगळं विचारा. ओळख उघड झाली तर घर किंवा काम जाऊ शकतं.