जुने स्नेही आणि निर्जन स्थळ

रहस्यकथा म्हणजे निव्वळ वेळ दवडण्याचें साधन, असा समज अनेक सुशिक्षित घरांतून आढळतो. वडील मंडळी ह्या पुस्तकांकडे पाहून दिवसा नाक मुरडतात, आणि रात्रीं निजानीज झाल्यावर तींच पुस्तकें दिव्यापाशीं बसून संपवितात! ह्या वाङ्मयाची एक शाखा मात्र विशेष विचार करण्याजोगी आहे. कांहीं मंडळी दूरच्या, वाट तुटलेल्या ठिकाणीं एकत्र जमतात. तेथें खून होतो. आणि मग प्रत्येकाला शेजारच्या माणसाची भीति वाटूं लागते.

ह्या शाखेचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ॲगाथा ख्रिस्ती ह्या इंग्रज लेखिकेची १९३९ सालची दहा माणसांची कादंबरी. इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्याजवळील बेटावर आठ पाहुणे व दोन नोकर अडकून पडतात, आणि एकामागून एक मरूं लागतात. ज्यांनीं १९६५ चा ‘गुमनाम’ हा हिंदी चित्रपट पाहिला असेल, त्यांना ह्या रचनेची कल्पना सहज येईल. त्याचें मूळ ह्याच कादंबरींत आहे.

निर्जन स्थळ केवळ भय उत्पन्न करण्यासाठीं योजिलेलें नसतें. त्यानें संशयितांची यादी बंद होते. तेथें पोलीस पोहोंचत नाहींत, बोटांचे ठसे तपासणारा कोणी नसतो. त्यामुळें सत्य शोधण्याचीं साधनें दोनच उरतात, संभाषण आणि स्मरण. वाचकाजवळहि तींच दोन असल्यामुळें सामना बरोबरीचा होतो.

ख्रिस्तीबाईंचे पाहुणे एकमेकांस परके होते. त्यांच्या जागीं जुने स्नेही आणून बसविले, म्हणजे कथेचें स्वरूप पालटतें. युकितो आयात्सुजी ह्या जपानी लेखकानें १९८७ सालीं लिहिलेल्या कादंबरींत विद्यापीठाच्या रहस्यकथा-मंडळाचे विद्यार्थी एका बेटावरील दशकोनी घरांत जाऊन राहतात. ते एकमेकांस ॲगाथा, एलरी, पो अशा पाश्चात्य लेखकांच्या नांवांनीं हांका मारतात. खुनाचा छडा कसा लावावा, हें त्यांना तोंडपाठ आहे. परंतु समोर बसलेल्या मित्रावर विश्वास ठेवावा कीं नाहीं, ह्याचें उत्तर त्या साऱ्या वाचनांत सांपडत नाहीं.

रूथ वेअर ह्या लेखिकेच्या २०१५ सालच्या कादंबरींत नोरा नांवाच्या तरुणीला शाळेंतील मैत्रिणीच्या लग्नापूर्वींच्या मेळाव्याचें निमंत्रण येतें. दोघींची दहा वर्षांत गांठ पडलेली नाहीं. मेळावा नॉर्थम्बरलंडच्या रानांतील एका कांचेच्या घरांत आहे. रात्रीं बाहेरच्या अंधारांतून आंतलें सारें दिसावें, आणि आंतल्यांस बाहेरचें कांहींच दिसूं नये, असें तें घर! येथें संकटाचें बीज त्या रानांत नाहीं, दहा वर्षांच्या अबोल्यांत आहे.

परक्याविषयीं आपण सावध असतों, कारण तो आपणांस ठाऊक नाहीं, हें आपण जाणतों. जुन्या स्नेह्याविषयीं ही जाणीवच नसते. आपण ओळखतों तो पंधरा वर्षांपूर्वींचा विद्यार्थी. आज समोर आहे तो त्याच नांवाचा दुसराच गृहस्थ. मित्रमंडळांत एकानें हंसवावें, एकानें ऐकून घ्यावें, एकावर नेहमीं थट्टा व्हावी, असें ठरून गेलेलें असतें. ज्याच्यावर थट्टा होते, त्याला ती आवडते काय, असें कोणी विचारीत नाहीं. म्हणूनच अशा कथेंतील खरा पुरावा पुष्कळदां रक्ताच्या डागांत नसून एकाद्या जुन्या गमतीच्या आठवणींत लपलेला असतो. तोच प्रसंग एकजण हंसत सांगतो, आणि दुसरा मान खालीं घालून ऐकतो.

असल्या वाचनानें आप्तेष्टांविषयीं संशय वाढेल, अशी शंका कोणी घेईल. आमच्या मतें ती निराधार आहे. खून हा कथेपुरता असतो. न विचारलेली चौकशी मात्र पुष्कळ घरांत खरीच असते. चाळीस वर्षें एका पंक्तीला जेवणाऱ्या माणसांमध्येंहि ती राहून गेलेली असते.

ह्या सुटींत असें एकादें पुस्तक घरांत मोठ्यानें वाचून पाहावें. शेवटचें प्रकरण उघडण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या संशयिताचें नांव चिठ्ठीवर लिहावें. चिठ्ठ्या उघडल्यावर कोण जिंकलें, ह्याहून एक गोष्ट अधिक लक्षपूर्वक पाहावी: कथेंतील कोणत्या पात्राकडे आपणांपैकीं कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं? आणि पुस्तक मिटल्यावर, आपल्या पंक्तींत सर्वांत कमी कोण बोलतें, इकडेहि एकवार पाहावें.