सूं सूं कधी येते, ते आधी पाहा

‘बॉनेटमधून सूं सूं आवाज येतोय’ एवढंच सांगून बरेच जण गाडी गॅरेजवर लावतात. आवाज कुठून येतो हे शोधणं मेकॅनिकचं काम आहे. तो कधी येतो हे मात्र चालवणाऱ्यालाच ठाऊक असतं, आणि अर्धं निदान त्यातच असतं.

सूं सूं म्हणजे कुठल्यातरी फटीतून जोरात धावणारी हवा किंवा वाफ. बाहेर पडताना तिच्यात लहानमोठे भोवरे तयार होतात आणि तेच हा आवाज काढतात. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी १९५२ साली याचं गणित मांडलं: झोताचा वेग दुप्पट झाला, तर आवाजाची शक्ती जवळपास २५६ पट होते. म्हणूनच एका पाइपला गेलेली सुईएवढी चीरसुद्धा सगळ्या इंजिनाच्या आवाजातून वेगळी ऐकू येते.

गंगाखेडच्या मोंढ्यात गर्दीमुळे पेट्रोल गाडी स्लोवर उभी आहे असं समजा. थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते, पिस्टन मात्र हवा ओढतच असतात. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांशावर येतो. आतला दाब बाहेरच्या निम्म्याच्याही खाली गेला, की फटीतून शिरणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोहोचते. रेस दिली की झडप उघडते, दाबातला फरक घटतो आणि आवाज दबतो. तेव्हा स्लोवर येणारी आणि रेस दिल्यावर कमी होणारी सूं सूं म्हणजे गाडी कुठूनतरी ‘एअर घेतेय’. व्हॅक्यूमचा पाइप तडकलेला असतो, नाहीतर मॅनिफोल्डचं गास्केट गेलेलं असतं. ही चोरटी हवा एअरफ्लो सेन्सरच्या पुढून आत शिरत असल्याने मोजलीच जात नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा जास्त झाली की मिश्रण पातळ होतं आणि इंजिन मिस मारतं. स्कॅनर लावला तर बहुधा पी०१७१ हा कोड दिसतो. तो पाहून थेट सेन्सर बदलायची घाई करू नये, आधी पाइप तपासावेत.

डिझेल गाडीचं उलट असतं. तिच्या मॅनिफोल्डमध्ये असा व्हॅक्यूम नसतो. टर्बो उलट हवा दाबून आत भरतो. गंगाखेड तालुक्याच्या दक्षिणेला बालाघाटचा चढ लागला, पिकअप मेला, मागून काळा धूर निघाला आणि जोर दिला की सूं सूं वाढली, तर टर्बोचा पाइप फाटलाय किंवा त्याची क्लिप ढिली झालीय.

या दोन गळत्या शोधायच्या पद्धतीही वेगळ्या. टर्बोच्या पाइपमधून हवा बाहेर पडते, म्हणून तिथे साबणाच्या पाण्याला बुडबुडे येतात. व्हॅक्यूमच्या पाइपात ते पाणी आतच ओढलं जातं. तिथे रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं पाइपांवरून फिरवायचं. फटीजवळ आवाज एकदम मोठा होतो. नळी पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब ठेवावी. काही जण चालू इंजिनावर कार्ब क्लीनर फवारतात. तो पेट घेतो, त्यापेक्षा गॅरेजमधली धुराची चाचणी बरी. तडा पाइपच्या टोकाशीच असेल आणि लांबी पुरत असेल, तर तेवढा तुकडा कापून पाइप पुन्हा बसवता येतो. चिकटपट्टी मात्र इंजिनाच्या उष्णतेत टिकत नाही. तसं नसेल तर पाइप बदलणंच योग्य.

उन्हाळ्यात सगळ्यात जास्त सांभाळायची ती कूलंटची सूं सूं. इंजिनातलं पाणी ९० अंशांवर आणि बाहेर हिवाळ्यातली १२ अंशांची सकाळ असेल, तर उष्णता बाहेर फेकायला ७८ अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यात परभणी जिल्ह्यात पारा ४४ वर गेला की उरतात ४६. रेडिएटर तोच आणि इंजिनही तेच, पण काम कितीतरी अवघड. त्यात बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं भरलं असेल, तर नळ्यांत क्षार बसलेले असतात. होजमधून ठिबकणारा थेंब गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडतो, वाफ होते आणि गोडसर वास येतो. अशा वेळी रेडिएटरचं झाकण उघडू नका. प्रेशर कुकरसारखंच हे झाकण आत सुमारे एक बारचा जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की ते क्षणात उकळतं, आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपट जागा मागते. चेहरे आणि हात भाजतात ते इथेच. इंजिन बंद करून ते हाताला थंड लागेपर्यंत थांबा.

गाडी बंद केल्यावर एसीतून थोडा वेळ येणारी सुरसुर मात्र साधी आहे. गॅसचा दाब दोन्हीकडे सारखा होत असतो. तिच्यासाठी खर्च करू नका.

ब्रेक दाबल्यावरच सूं सूं येत असेल, तर बूस्टर लगेच तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. ते हललंच नाही किंवा ब्रेक कडक लागत असेल, तर गाडी रस्त्यावर काढू नका. मेकॅनिकलाच घरी बोलवा.