बाल्याचा नाच

मुंबईच्या जुन्या घरांतून ‘बाल्या’ हा शब्द ज्यांनीं ऐकला आहे, त्यांना तो गड्याला मारावयाची हांक म्हणूनच ठाऊक असेल. भांडीं घांसणारा, पाणी भरणारा, कानांत बाळी घातलेला जो कोंकणी गडी तो बाल्या, असा या शब्दाचा उगम सांगतात. आईबापांनीं ठेवलेलें त्याचें नांव काय, हें विचारण्याची गरज मालकाला बहुधा वाटत नसे. या गड्यांत महाड व पोलादपूर या तालुक्यांतील माणसें पुष्कळ असत. घाटाच्या पायथ्याची डोंगरउताराची जमीन, भात आणि नाचणी हेंच काय तें पीक, आणि तेंही पावसाच्या मर्जीवर. तेव्हां घरांतल्या कर्त्या पुरुषानें मुंबई गांठावयाची, ही तिकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होऊन बसली. तो गिरणींत लागो कीं कुणाच्या घरीं राहो, गांवाकडे त्याला चाकरमानी म्हणत व मुंबईंत बाल्या म्हणत. दोन्ही नांवें दुसऱ्यांनीं दिलेलीं.

आश्चर्य असें कीं, या हलक्या नांवाची त्यानें लाज धरली नाहीं. गौरीगणपतीच्या दिवसांत तो जो नाच नाचे, ज्याला कोंकणांत जाखडी म्हणतात, त्याला ‘बाल्या नाच’ हें दुसरें नांव पडलें, आणि तें त्यानें आपलेंच मानलें. मध्यें शाहीर, ढोलकीवाला व झांजवाले बसतात. त्यांच्याभोंवतीं तरुण मंडळी पायांत घुंगरू बांधून रिंगण धरतात. शाहीर ओळ म्हणतो, रिंगण ती उचलतें. आधीं गण, मग गौळण, आणि मग ज्यासाठीं माणसें रात्रभर जागतात ते शक्ति-तुऱ्याचे सवाल-जबाब. तुरेवाले शिवाचे अभिमानी, शक्तिवाले शक्तीचे. देशावर ज्याला कलगी-तुरा म्हणतात तोच हा वाद. एका शाहिरानें पुराणांतलें एखादें कोडें गाऊन टाकावें, दुसऱ्यानें तिथल्या तिथें, ढोलकी थांबूं न देतां, त्याला उत्तर द्यावें. जो अडला त्याची फजिती! शब्द बोचरे असतात. परंतु उजाडल्यावर हेच प्रतिपक्षी शेजारीं बसून चहा घेतात. भांडण गाण्यांतलें असतें व मैत्री गाण्याबाहेरची, हें तेथल्या लहान मुलालाही समजतें.

सुशिक्षित घरांतील मुलें हल्लीं ‘रॅप’ नांवाचा प्रकार ऐकतात आणि वडील माणसें दार लोटून घेतात. ठेका धरून त्यावर यमक जुळविलेले शब्द भराभर बोलत जावयाचे, असें हें गाणें. (चाळींत बाल्यांची ढोलकी सुरू झाली म्हणजे याच घरांचीं दारें पूर्वींही लागत असत!) त्याची जन्मकथा बाल्याला ओळखीची वाटेल. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत ११ ऑगस्ट १९७३ रोजीं एका इमारतींतील छोट्या समारंभांत क्लाइव्ह कँपबेल, ऊर्फ कूल हर्क, या तरुणानें दोन यंत्रांवर ध्वनिमुद्रिका लावून गाण्यांतला नुसत्या ठेक्याचा तुकडा लांबवीत नेला. त्या ठेक्यावर पुढें बोलणारे आले, आणि समोरासमोर उभे राहून एकमेकांस शब्दांनीं जिंकण्याची चाल पडली. हर्क हा जमेकांत जन्मलेला; बाराव्या वर्षीं न्यूयॉर्कला आलेला. म्हणजे तोही परगांवचाच.

मात्र या दोहोंत एक मोठा भेद आहे. रॅप गाणारा आपलें दुःख ‘मी’ म्हणून सांगतो. आपली गल्ली, आपला गेलेला मित्र, आपल्याला आलेला अपमान, सर्व कांहीं स्वतःच्या नांवानिशीं. बाल्याच्या परंपरेंत ‘मी’ शाहिराच्या छापापुरता येतो. दुःख दुसऱ्याच्या तोंडून बोलतें. गौळणींत कृष्ण गोकुळ सोडून मथुरेला जातो, आणि मागें राहिलेल्यांचे डोळे वाटेला लागतात. ज्या बाईचा नवरा आषाढांत मुंबईला गेला आणि गणपतीवांचून परतणार नाहीं, तिला ही मथुरा कोठें आहे हें समजावून द्यावें लागत नाहीं.

मित्रशोकाचेंही तसेंच. पोलादपूर तालुक्यांतील उमरठ येथें तानाजी मालुसऱ्यांची समाधि आहे. त्यांचें घराणेंही मूळचें घाटावरचें, असें सांगतात. १६७० सालीं सिंहगडावर ते पडले. त्यावर तुळशीदास शाहिरानें रचलेला पोवाडा ॲक्वर्थ व शाळिग्राम यांच्या १८९१ च्या संग्रहामुळें घरोघर पोंचला. शाळेंत तो पराक्रमाचा म्हणून शिकवितात. पण मुलाच्या लग्नाचें आमंत्रण घेऊन आलेला मित्र लढाईला जातो आणि परत येत नाहीं, ही त्यांतली खरी गोष्ट आहे. गड मिळाल्याचा आनंद राजाला होत नाहीं. मुंबईहून आलेली तार ज्या घरांनीं उघडली आहे, त्यांनीं हा पोवाडा वेगळ्या कानांनीं ऐकला असेल.

‘मी’ म्हणून गाणारांचें काय होतें, हेंही मुंबईनें पाहिलें. ‘स्वदेशी’ नांवाच्या रॅप गाणाऱ्या मित्रमंडळींत कोणी मराठींत गाई, कोणी हिंदींत. ‘तोडफोड’ या नांवानें ओळखला जाणारा धर्मेश परमार गुजरातींत गाई. मार्च २०२२ मध्यें, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षीं तो वारला. एकाच ठेक्यावर आळीपाळीनें बोलणाऱ्यांतला एक आवाज कमी झाला, म्हणजे त्याची पाळी येते तेव्हां नुसता ठेका वाजत राहतो. रिंगणांत निदान बाजूचा गडी पुढें सरकून जागा भरून काढतो.

पण रिंगणालाही भरून काढतां येऊं नये एवढी जागा रिकामी होऊं शकते. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये गांवच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर कोसळला. ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्याच पावसांत पोलादपूर तालुक्यांतही दरडी कोसळून माणसें दगावलीं. ज्यांच्या पोटापाण्याची काळजी घरच्यांनीं वाहिली, ते परगांवीं असलेले नातेवाईक वांचले, आणि ते चिखल तुडवीत गांवाकडे धांवले. ज्यानें घर सोडलें त्याच्यासाठीं घरानें रडावें, ही गौळणीची रीत. येथें ती उलटी झाली.

त्यानंतर बरोबर पन्नासाव्या दिवशीं, १० सप्टेंबरला, गणेशचतुर्थी होती. चाकरमानी गांवीं यावयाचा तो दिवस.