अप्रेंटिसचे पैसे कोणाच्या खात्यात?

बेळगावजवळच्या मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत अप्रेंटिसचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, ‘सरकार पगार देतंय, घ्या की दोन पोरं!’ हिशेब तिथूनच चुकायला लागतो.

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना २०१६ मध्ये आली. तिच्यात विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा केंद्र सरकार उचलतं, तोही महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये. विद्यावेतन ८००० ठरलं तर ६५०० मालकाच्याच खिशातून जातात. शिवाय २०२३ पासून सरकारचा वाटा थेट शिकणाऱ्याच्या बँक खात्यात जमा होतो, मालकाकडे येत नाही.

आणि विद्यावेतन हा काही सगळा खर्च नव्हे. नवं पोरगं मायक्रोमीटरचा रॅचेट सोडून थिंबलच आवळत नेतं. माप चुकतं, जॉब रिजेक्ट होतो. शेजारी विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे, पण किती आवळायचं हे बोटांना शेडमध्येच कळतं, आणि ते दाखवायला जुन्या टर्नरला स्वतःचं लेथ थांबवावं लागतं. मोठ्या कंपनीत शिकवायला वेगळा माणूस असतो. आठ जणांच्या शेडमध्ये तोच टर्नर, तोच सेटर, तोच गुरुजी. त्याचे थांबलेले तास १५०० रुपयांत भरून निघत नाहीत. लहान कारखानदार कचरतो तो इथे, आणि त्यात मला काही चूक वाटत नाही.

‘योजना मोठ्यांसाठीच आहे’ हा मात्र गैरसमज. ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे; ४ ते २९ असतील तर मर्जीचं. ‘एकदा घेतला की कायम करावा लागतो’ हेही खरं नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तो कामगार नव्हे, शिकाऊ आहे. करारात तशी अट नसेल तर त्याला नोकरी देण्याचं बंधन नाही.

पण कामगार नाही म्हणजे जबाबदारी नाही, असा अर्थ काढणाऱ्यांचा मला राग येतो. कारखान्यातले सुरक्षेचे नियम त्यालाही लागू आहेत, कामावर इजा झाली तर भरपाईही द्यावी लागते. मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइम लावता येत नाही. करारावर ‘टर्नर’ लिहायचं आणि वर्षभर बर झाडायला, माल टेम्पोत चढवायला लावायचं, ही त्या पोराची फसवणूक आहे. सही करण्याआधी रोजचा एक तास आणि एक लेथ त्याच्यासाठी मोकळं ठेवता येईल का, एवढं आधी आपल्या टर्नरला विचारा.